करवतीच्या टेबलाची मागची बाजू

घराचें बांधकाम पुरें होऊन भिंतींना रंग लागला कीं सुताराला बोलावणें जातें. स्वयंपाकघरांतलीं कपाटें, कपड्यांचें कपाट, मुलांच्या अभ्यासाचें टेबल, देव्हारा अशी यादी यजमानांच्या हातांत असते, आणि अंगणांत किंवा गाडी ठेवण्याच्या जागेंत दोन-तीन कारागीर आपलीं हत्यारें मांडतात. नागपूर शहराच्या दक्षिण-आग्नेय अंगाला असलेल्या हुडकेश्वर भागांत हें दृश्य आतां वर्षभर पाहावयास मिळतें. एके काळचें हें खेडें. आतां तें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे, आणि म्हाळगीनगरच्या चौकाकडून आंत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस जेथें शेतें होतीं तेथें घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. घर नवें म्हणजे सुतारकाम आलेंच, आणि सुतारकाम आलें म्हणजे करवतीचा कर्कश सूर शेजाऱ्यांची दुपारची झोंप मोडणारच. त्या सुराबद्दल तक्रार करणारे पुष्कळ असतात. तो जेथून निघतो त्या टेबलाकडे जाऊन पाहणारे थोडे.

पूर्वींचा सुतार लांकूड घोडीवर आडवें टाकी, त्यावर गुडघा रोवी आणि हातकरवत चालवी. कामाला वेळ लागे. पण त्या कामांत एक सोय होती. करवत चालविणारा हात आणि करवत थांबविणारा हात एकच होता. चुकीची जाणीव झाली कीं करवत तेथेंच थबके. टेबलावरच्या गोल करवतीची गोष्ट अगदीं उलट आहे. येथें पातें एका जागीं विजेनें फिरत राहतें आणि माणूस लांकूड त्याच्याकडे ढकलीत नेतो. टेबलाच्या मधल्या फटींतून दांतेरी चकतीचा थोडासा भाग वर आलेला असतो. उजव्या बाजूस लांकूड सरळ रेषेंत धरून ठेवणारी एक लांब पट्टी असते, तिला कारागीर ‘फेन्स’ म्हणतात. दहा इंच व्यासाचें पातें मिनिटाला ४००० फेरे घेतें असें धरलें, तर त्याच्या कडेवरचा प्रत्येक दांता सेकंदाला सुमारें ५३ मीटर, म्हणजे ताशीं १९० किलोमीटर वेगानें धांवत असतो. या वेगापुढें माणसाची चपळाई कांहींच कामाची नाहीं. सावधगिरी जी घ्यावयाची ती करवत सुरू होण्यापूर्वीं, टेबलाची मांडणी करतांनाच घ्यावी लागते.

गोल करवतीची कल्पना जुनी आहे. १७७७ सालीं इंग्लंडांत सॅम्युएल मिलर याला मिळालेल्या पेटंटांत तिचा उल्लेख सांपडतो. लहान कारखान्यांत आणि हौशी माणसाच्या घरांत ती शिरली ती बरीच उशिरां. अमेरिकेंत १९३९ सालीं डेल्टा कंपनीनें ‘युनिसॉ’ नांवाची करवत बाजारांत आणली, आणि तींत टेबल स्थिर ठेवून आंतलें पातेंच कलवितां येऊं लागलें. त्यापूर्वींच्या पुष्कळ लहान करवतींत तिरपा छेद घ्यावयाचा तर सगळें टेबलच तिरपें करावें लागे. ही सुधारणा किरकोळ वाटेल, पण प्रस्तुत विषयाचा उगम तींत आहे. कारण जें टेबल स्वतःच कलतें त्याच्या मागें आणि बाजूंना दुसरीं टेबलें जोडून ठेवणार तरी कशीं? करवतीचें टेबल एकदां सपाट आणि अढळ झालें, तेव्हांच त्याच्या भोंवतीं आधाराचे पृष्ठभाग आणि सामानाचीं कपाटें उभीं करणें शक्य झालें.

नागपुराला लांकडाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लकडगंज या पेठेच्या नांवांतच तो व्यापार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, विशेषतः आलापल्लीच्या रानांतला साग सर्व देशांत नांवाजलेला आहे, आणि २०२३ सालीं उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसदभवनासाठींहि साग नागपूरहूनच नेला गेला. आरागिरणींत ओंडका चिरला जातो तेव्हां त्याला वाहून नेणारी गाडी आणि रूळ तेथें असतात. त्याच ओंडक्याची फळी हुडकेश्वरच्या अंगणांत येऊन पोंचली म्हणजे मात्र तिला आधार एवढाच, कीं एक वीतभर टेबल आणि सुताराचे दोन हात. सारा घोंटाळा येथून सुरू होतो.

श्रोत्यांनीं एक साधें चित्र डोळ्यांपुढें आणावें. हातानें उचलून नेतां येते अशा लहान करवतीचें टेबल पुढून मागें सुमारें बावीस इंच खोल असतें. त्यांतलीं आठ इंचें पात्याच्या अलीकडे, पात्याची टेबलावर दिसणारी लांबी सहा इंच, आणि उरलेलीं आठ इंचें पात्याच्या पलीकडे. या टेबलावर सहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि एक इंच जाड अशी सागाची फळी उभी चिरावयाची आहे. तिचें वजन सहा किलोच्या आसपास भरेल. सुतार फळी ढकलूं लागतो. पहिलीं तीन फूट निर्वेध पार पडतात. पुढें फळीचा मध्यबिंदु टेबलाच्या मागच्या कांठापलीकडे जातो, आणि त्या क्षणीं फळी मागच्या बाजूला झुकूं लागते. अजून पावणेदोन फुटांहून अधिक लांकूड कापावयाचें शिल्लक आहे, एवढें लक्षांत ठेवावें.

आतां फळी सपाट ठेवण्यासाठीं सुताराला तिचें आपल्याकडचें टोंक खालीं दाबून धरावें लागतें. हा तराजूचा खेळ आहे. टेबलाचा मागचा कांठ ही तराजूची दांडी पेलणारी धार. सहा इंच कापणें उरलें असतां शेवटच्या टोंकावर सुमारें पांच किलोचा दाब द्यावा लागतो. टोंक पात्याशीं येऊन भिडतें तेव्हां तोच दाब साडेनऊ किलोंवर जातो. म्हणजे हात पात्याच्या जितका जवळ, तितका त्यावर अधिक भार घालावा लागतो. ज्या घटकेला हात हलका आणि मोकळा हवा, नेमक्या त्याच घटकेला तो जड आणि अडकलेला असतो. यांत सुताराची कसूर कोणती? चुकी टेबलाच्या लांबीची आहे.

कित्येक कारागीर यावर एक उपाय करतात, आणि तो उपाय रोगाहून वाईट आहे. ते फळीचें पलीकडचें टोंक धरण्यासाठीं डावा हात फिरत्या पात्यावरून पलीकडे नेतात. दुसरा प्रकार असा कीं घरांतलें एखादें माणूस, क्वचित् शाळेंतून आलेला मुलगाहि, पलीकडून फळी धरण्यास उभा केला जातो. त्याला फळी धरतांना ती ओढूं नये हें ठाऊक नसतें. त्यानें किंचित् तिरपें ओढलें कीं फळी फेन्सपासून सुटून पात्याच्या मागच्या दांत्यांवर जाते.

मागच्या दांत्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. चकती फिरत असतां सुताराकडचे दांते वरून खालीं येतात आणि लांकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे दांते खालून वर जातात. त्यांच्या तावडींत लांकूड सांपडलें तर तें उचललें जातें, पात्याच्या माथ्यावर चढतें आणि सरळ सुताराच्या अंगावर भिरकावलें जातें. यालाच इंग्रजींत ‘किकबॅक’ म्हणतात. फळी पोटांत किंवा छातींत बसते ती इजा एक. पण दुसरी अधिक भयंकर आहे. फळीवर दाबून ठेवलेला हात फळी एकाएकीं नाहींशी होतांच तोल जाऊन पात्यावर पडतो. या अपघाताला डोळ्याचें पातें लवण्याइतकाहि अवधि लागत नाहीं. अमेरिकेंत अशा करवतींनीं जखमी होऊन औषधोपचार घेणारांची संख्या दर वर्षीं तीस हजारांच्या वर सांगितली जाते. तेथेंच १९९९ सालीं स्टीफन गॅस या हौशी सुतारकाम करणाऱ्या वकिलानें कातडीचा स्पर्श होतांच पातें कांहीं सहस्रांश सेकंदांत थांबविणारी युक्ति काढली. युक्ति खरी आहे, पण तशी करवत महाग पडते, आणि अंगणांत काम करणाऱ्या सुताराच्या आवाक्यांत ती नाहीं. त्याच्या आवाक्यांत आहेत त्या तीन गोष्टी: पात्याच्या मागें बसणारी पोलादी जीभ, लांकूड ढकलण्याची काठी, आणि मागचें टेबल.

पोलादी जीभ, जिला कारागीर ‘रायव्हिंग नाइफ’ म्हणतात, ती चिरलेल्या दोन भागांना मिटूं देत नाहीं आणि लांकडाला मागच्या दांत्यांपर्यंत पोंचूं देत नाहीं. तिची जाडी पात्याच्या अंगाहून किंचित् अधिक आणि दांत्यांनीं पाडलेल्या फटीहून किंचित् कमी असावी लागते. नव्या करवतीबरोबर ती येते, आणि बहुतेक ठिकाणीं पहिल्याच आठवड्यांत काढून कोंपऱ्यांत टाकली जाते. कां, तर अडचण होते म्हणून!

मागच्या टेबलाकडे मात्र कायदा करणारांचेंहि लक्ष गेलें होतें. ब्रिटनमध्यें १९७४ सालीं लांकूडकामाच्या यंत्रांविषयीं जे नियम झाले त्यांत असें घातलें होतें कीं, कापलेलें लांकूड घेण्यासाठीं दुसरा माणूस नेमला असेल तर तो टेबलाच्या मागच्या टोंकाशींच उभा राहील, आणि तें टोंक पात्याच्या वर जाणाऱ्या दांत्यांपासून निदान १२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार फूट, दूर असेल एवढें टेबल वाढविलेलें असेल. हेतु उघड आहे: घेणाराचा हात पात्यापर्यंत पोंचूंच नये. भारतांत १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकविसाव्या कलमानें यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याचा दंडक घालून दिला. पण तो कायदा सामान्यतः यंत्रशक्ति वापरणाऱ्या आणि दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या कारखान्यांपुरता होता. नव्या घराच्या अंगणांत काम करणारे तिघे सुतार त्याच्या दृष्टीस पडावे कसे? त्यांच्या पुरता नियम यजमानानें आणि सुतारानेंच आपसांत करावयाचा असतो.

मागच्या टेबलाची लांबी ठरविण्याचें गणित वरच्या तराजूंतूनच निघतें. चिरणें पुरें होऊन टोंक पात्याशीं येईल तेव्हांहि फळीचा मध्यबिंदु आधारावरच राहिला पाहिजे. आठ फुटांची फळी हें घरच्या कामांतलें सर्वांत लांब माप धरलें, तर पात्याच्या पुढच्या दांत्यापासून आधाराचें टोंक अठ्ठेचाळीस इंचांहून अधिक दूर हवें. पात्याचीं सहा आणि करवतीच्या टेबलाचीं मागचीं आठ अशीं चौदा इंचें आधींच मिळालेलीं आहेत. तेव्हां चौतीस इंच म्हणजे काठावर पास. चाळीस इंच खोलीचें टेबल जोडलें कीं मागच्या दांत्यापासून बरोबर चार फूट होतात, आणि ब्रिटनच्या नियमाचेंहि समाधान होतें. रुंदी चार फूट ठेवली तर प्लायवुडाच्या एका आठ-चारच्या शिटेंतून चाळीस इंचांचा तुकडा कापून उरलेल्या छप्पन इंचांत बाजूचा आधार निघतो आणि खालच्या कपाटाचे कांहीं भागहि निघतात.

उंचीच्या बाबतींत मात्र एक सूतहि इकडेतिकडे चालत नाहीं. मागचें टेबल करवतीच्या टेबलापेक्षां उंच झालें तर फळीचें टोंक त्याच्या कडेवर आपटून अडेल, आणि चालू पात्यांत अडलेली फळी म्हणजे काय तें वर आलेंच आहे. फार खालीं गेलें तर फळी झुकेल. अर्धें सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, खालीं ठेवून पुढची कड रंध्यानें किंचित् उतरती केली म्हणजे फळी बिनबोभाट सरकते. हें जमविण्यासाठीं टेबलाच्या पायांना खालून फिरविण्याचे बोल्ट लावावेत. अंगणांतली फरशी सपाट असेल अशी आशा धरूं नये, कारण पाणी वाहून जावें म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. लांब सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर आडवी धरून, तिच्या खालीं कागद सरकतो कीं नाहीं हें पाहणें ही पाणसळीहूनहि चोख परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट खांचांची. करवतीच्या टेबलांत पात्याला समांतर अशा पाऊण इंच रुंदीच्या दोन खांचा असतात, आणि आडवा छेद घेण्याची कोनपट्टी त्यांतून सरकते. तिची दांडी टेबलाच्या मागें बाहेर येते. मागच्या टेबलांत त्याच रेषेंत थोड्या रुंद खांचा ठेवावयास विसरलेला सुतार पहिल्याच आडव्या छेदाला स्वतःवर चिडतो. एक इंच रुंदीच्या आणि अर्धा इंच खोलीच्या खांचा पुरे होतात. त्या मागें उघड्या सोडाव्या, म्हणजे भुसा सांचत नाहीं.

प्लायवूड एका अंगानेंच गुळगुळीत पत्र्यानें मढविण्याची काटकसर नागपुरांत महागांत पडते. येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारच्या हवेंतला ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. आगस्टांत तोच ऐंशी टक्क्यांवर चढतो. वरच्या बाजूस लॅमिनेट, म्हणजे घरोघर ज्याला सनमायका म्हणतात तें, असलें आणि खालची बाजू उघडी राहिली, तर खालची बाजू ओलावा पिते-सोडते आणि वरची तशीच राहते. फळी ढालीसारखी वांकते. दोन्ही अंगें मढवावींत, किंवा खालच्या बाजूस निदान दोन हात पॉलिश द्यावें, आणि कांठहि बंद करावेत. खालीं सागाच्या पट्ट्यांची चौकट बसवावी. टेबलाचा वांक सहन करून काम करीत राहणें म्हणजे रोज पहिल्या दिवसाचें माप घालविणें.

मागच्या टेबलाऐवजीं एका दांडीवर बसविलेला रूळ मांडून काम चालवितां येतें, आणि जागा अगदींच अपुरी असेल तेथें तो कांहींच नसण्यापेक्षां बरा. तथापि रुळाचा एक दुर्गुण आहे. तो पात्याशीं नेमका काटकोनांत नसला तर फळीला एका बाजूस ओढूं लागतो. शिवाय फळीचें टोंक झुकून रुळाच्या वर चढण्याऐवजीं त्यालाच धक्का देतें आणि तो कोलमडतो. मेण घांसलेला सपाट पृष्ठभाग असली खोड काढीत नाहीं.

बाजूच्या आधाराचें काम वेगळें. डावीकडचा आधार रुंद तुकड्याचें लटकणारें अंग झेलतो. उजवीकडचा फेन्सला दूर सरकण्यास जागा देतो, आणि त्यांत चौकोनी छिद्र पाडून खालून राऊटर बसविला तर कडांची नक्षी करण्याचें दुसरें टेबल आयतेंच मिळतें. परंतु कितीहि आधार उभे केले तरी अखंड आठ-चारची शीट एकट्यानें लहान करवतीवर ढकलणें हा अविचार आहे. पाऊण इंची शिटेचें वजन बत्तीस ते अडतीस किलो भरतें. ती जमिनीवर चार पट्ट्यांवर आडवी टाकावी, हातांत धरण्याच्या गोल करवतीनें तिचे ढोबळ तुकडे करावेत आणि मग ते टेबलावर आणून नेमक्या मापाला कापावेत. जड वस्तु करवतीकडे नेण्यापेक्षां हलकी करवत तिच्याकडे नेणें शहाणपणाचें.

आतां सामानाच्या सांठवणीकडे वळावें. बाजूच्या टेबलांखालची जागा मोकळी सोडली तर तेथें आठवडाभरांत तुकड्यांचा ढीग होतो, आणि सुतार त्याला अडखळतो. तेथें कपाट केलें तर दुहेरी लाभ होतो. लहान करवतीचें वजन जेमतेम पंचवीस-तीस किलो असतें. जड फळी ठेवतांच ती डगमगते. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, पातीं यांनीं भरलेलें कपाट तिच्याशीं बोल्टांनीं जखडलें कीं तें नांगरासारखें काम करतें. सामान ठेवावयाचें तर आहेच. तें वजन म्हणून कां वापरूं नये?

कोणती वस्तु कोठें ठेवावी याचा विचार हात कोठून जातो यावरून करावा. ढकलण्याची काठी फेन्सवरच, उजव्या हाताला न वांकतां मिळेल अशी टांगावी. ती खणांत गेली कीं वापरांतून गेली. पातीं बदलण्याचे पाने करवतीच्या पुढच्या अंगाला. पातीं एकावर एक रचून ठेवूं नयेत. त्यांच्या दांत्यांच्या टोंकांना बसविलेला कार्बाइड हा पदार्थ कठीण खरा, पण ठिसूळ असतो, आणि एकमेकांवर आपटून त्याच्या कपच्या उडतात. पातळ प्लायवुडाच्या उभ्या फटी करून त्यांत एकेक पातें उभें ठेवावें, आणि फटीवर दांत्यांची संख्या लिहावी. उभ्या छेदाला चोवीस दांत्यांचें पातें, लॅमिनेटाला साठ किंवा अधिक. चुकीचें पातें लावून लांकूड जळूं लागतें तेव्हां कारागीर दोष लांकडाला देतो.

कपाट करवतीला अगदीं चिकटवून बांधतांना तीन गोष्टी राहून जातात. पातें ४५ अंशांत कललें म्हणजे टेबलाखालची मोटर एका बाजूस झुलते. तिला जागा हवी. मोटरीला हवा लागते. आणि बंद करण्याचें बटण कधींहि आड येतां कामा नये. दोन्ही हात फळीवर गुंतलेले असतां तें गुडघ्यानें दाबतां आलें पाहिजे. सुबक दिसावें म्हणून बटणावर झडप बसविणारे महाभाग आहेत. त्यांच्या सौंदर्यदृष्टीला नमस्कार असो, पण त्यांच्या करवतीवर कोणीं काम करूं नये. खण पात्याच्या सरळ रेषेंत उघडणारे नसावेत, कारण सुतारानें त्या रेषेंत उभें राहूं नये; तो किंचित् डावीकडे उभा राहतो, तेव्हां नेहमीं लागणारें सामानहि तिकडेच असावें.

भुशाबद्दल यजमानीणबाईंची तक्रार रास्त असते, पण ती बहुधा झाडलोटीची असते. खरी तक्रार याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीला माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. डोळ्यांना दिसणारा भुसा खालीं बसतो. न दिसणारी धूळ श्वासाबरोबर आंत जाते. करवतीखालचा कप्पा तिन्ही बाजूंनीं बंद करून तळाला उतार द्यावा, आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी तेथें जोडावी. सामानाच्या खणांना पाठ आणि झांकण हवें, नाहींतर प्रत्येक खण भुशाची कोठी होतो.

हें सर्व करावयाचें तर एक दिवस आणि दीड-दोन शिटा खर्ची पडतात. फिरत्या सुताराला तो खर्च स्वतः करणें परवडत नाहीं, आणि यजमानाला तो आपला वाटत नाहीं. परिणामीं पुष्कळ घरांत करवतहि आणली जात नाहीं; फरशी कापण्याचें चार इंची कटर उलटें करून एका प्लायवुडाच्या तुकड्याखालीं स्क्रूंनीं आवळलें जातें, त्याचें बटण दाबून तसेंच अडकविलें जातें, आणि वर आलेल्या पात्यावर लांकूड कापलें जातें. या कटराच्या पाटीवर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे लिहिलेले असतात. म्हणजे लहान असूनहि त्याचे दांते मोठ्या करवतीहून वेगानें, सेकंदाला सत्तर मीटरांच्या आसपास, धांवतात. त्याला झांकण नाहीं, मागची जीभ नाहीं, फेन्स म्हणून हातानें धरलेली एक पट्टी असते. लाखो रुपयांचें घर बांधणारा सुशिक्षित गृहस्थ आपल्या अंगणांत हें चालूं देतो, कारण तें त्याला सुताराचें खासगी कौशल्य वाटतें. वस्तुतः काम ठरवितांनाच ‘करवतीला झांकण आणि मागें टेबल असेल, त्याची एक शीट माझी’ एवढें म्हटलें तर सुतार नाहीं म्हणणार नाहीं. काम संपल्यावर तीच शीट माळ्यावरच्या फळ्यांना उपयोगी पडते.

ज्यांनीं निवृत्तीनंतर हौसेनें स्वतःची करवत घेतली आहे, अशा गृहस्थांपुढें प्रश्न निराळा असतो. गाडी ठेवण्याची जागा एकच, आणि चार फुटांचें टेबल तेथें कायमचें मांडून ठेवलें तर गृहकलह अटळ. त्यांनीं मागचें टेबल दुमडतें करावें. येथें एक ठोकर ठरलेली आहे: करवतीची उंची चौतीस इंच असतांना चाळीस इंचांचें पान थेट कडेला बिजागरीवर टांगलें तर तें जमिनीला टेंकतें आणि पुरें खालीं जातच नाहीं. म्हणून पहिली दहा इंचांची पट्टी कपाटावर पक्की बसवावी आणि तीस इंचांचें पान तिला लांब पट्टी-बिजागरीनें जोडावें. तें खालीं लोंबलें तरी चार इंच जागा उरते, आणि केरसुणी खालून फिरते. पानाला एक दुमडणारा पाय, आणि पायाच्या टोंकाला उंची जमविण्याचा बोल्ट.

मृगाचा पहिला पाऊस येण्याच्या आधीं ओतीव लोखंडाचा टेबलाचा पृष्ठभाग बारीक पॉलिश-कागदानें पुसून त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा आणि कोरड्या फडक्यानें चोळून काढावा. नागपूरच्या सुमारें अकराशें मिलिमीटर पावसांत न पुसलेल्या लोखंडावर चार दिवसांत तांबेरा धरतो. तेंच मेण मागच्या टेबलावरहि चालतें. काम आटोपलें कीं तार काढावी, पातें टेबलाखालीं उतरवावें, पान दुमडावें. त्या जागेंत स्कूटर नीट उभी राहते.